क्विग्लीची बादली की मन्नीचे फुकट गेलेले बार?

शनिवारी रात्री एकच वेस्टर्न (काउबॉयपट) बघायचा आहे आणि लांबवरची नेमबाजी पटली पाहिजे, अशी अट असेल तर माझ्या लेखी सामना दोघांतच: 'क्विग्ली डाउन अंडर' (१९९०) आणि 'अनफरगिव्हन' (१९९२).

क्विग्लीची बंदूक अस्सल आहे. एका वेळी एकच काडतूस घेणारी, लांब नळीची .४५-११० शार्प्स रायफल (.४५ इंची गोळी, ११० ग्रेन दारू). अमेरिकेत बायसन मारणारे शिकारी अशाच रायफली वापरत. घोडं पेंड खातं ते बादलीपाशी. घोडेस्वार बादली घेऊन पार ठिपक्याएवढा होईपर्यंत जातो आणि क्विग्ली (टॉम सेलेक) उभ्या-उभ्या, कशाचाही टेकू न घेता ती लागोपाठ टिपतो. हजार यार्डांवर पोहोचायला ही जड शिशाची गोळी तीन सेकंदांच्या आसपास घेते आणि तेवढ्यात शंभर फुटांहून जास्त खाली येते. म्हणून नेम आधीच तेवढा वर धरायचा. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला, तर गोळी दहाएक फूट वर किंवा खाली. वारा वेगळाच.

(आधी माणूस पडतो, मग बार ऐकू येतो, ही पडद्यावरची लाडकी युक्तीही इथे लागू नाही. एवढ्या अंतरावर बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूवर (ब्लॅक पावडर) उडालेली गोळी इतकी मंदावते की आवाजच थोडा आधी पोहोचतो.)

मग असा नेम कधी लागलाच नाही? लागला. जून १८७४, टेक्सासमधलं अडोबी वॉल्स. बायसनचा शिकारी बिली डिक्सन यानं शार्प्सनं दूरच्या टेकाडावरचा एक स्वार पाडला. अंतर १,५३८ यार्ड सांगतात. पण समोर स्वारांचा घोळका होता, बादली नव्हे, आणि खुद्द डिक्सननं श्रेय नशिबालाच दिलं.

'अनफरगिव्हन'मध्ये अंतर त्या मानाने किरकोळ. नायक मन्नीचा साथीदार नेड, त्याच्या स्पेन्सर रायफलची गोळी घोड्याला लागते, घोडा स्वाराचा पाय दाबून कोसळतो. पुढचा बार काढायला नेडचा हातच उठत नाही. मन्नी रायफल घेतो, चुकतो, पुन्हा चुकतो, किती गोळ्या उरल्या ते विचारतो. ज्याला लांबचं दिसतच नाही तो तिसरा साथीदार 'लागली का?' म्हणून सारखा भंडावतो. मला तर हा प्रसंग बादलीपेक्षा शंभर पटीनं खरा वाटतो.

बंदुकीच्या हौशीनं बघणार असाल तर क्विग्ली लावा, मजा येईल. नेमबाजी पटायलाच हवी असेल तर 'अनफरगिव्हन'. फक्त जेवणं आटोपून बसा. घोड्याखाली सापडलेला आणि अखेर पोटात गोळी लागलेला तो पोरगा बराच वेळ पाणी मागत राहतो.