वर्षाचे पैसे एकदम घेतले आणि ४० एमबीपीएसची लाइन गळ्यात मारली

आकडा आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल. ११,४०० रुपये. बारा महिन्यांचं फायबर, २०० एमबीपीएस, 'फुल अनलिमिटेड', वर दोन महिने फुकट, चौदा ओटीटी आणि एक फोरके बॉक्स. हातात काय पडलं, तर चार महिने रखडत चाललेली ४० एमबीपीएसची लाइन आणि एक काळा डबा.

सोसायटीच्या गेटपाशी छत्री लावून, पत्रकं वाटत उभी राहणारी ही पोरं सगळ्यांनी पाहिली आहेत. धंदाही माहितीचा आहे. वर्षाचे पैसे उचलायचे, गिऱ्हाइकाच्या नावावर दर महिन्याला स्वस्तातलं रिचार्ज मारत राहायचं, गल्ला पुरेसा भरला की फोन बंद. हे मीही ऐकलेलं होतं. 'आम्ही नसतो बुवा फसलो' असं ज्यांना आत्ताच वाटायला लागलंय त्यांनी थोडा दम धरावा.

कारण मी डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत. कंपनी खरी आहे, नावाजलेली आहे. आमच्या विंगमध्ये दोन घरांत तिचं कनेक्शन आधीपासून होतं. पोराच्या गळ्यात आयडी कार्ड होतं, अंगात कंपनीचा टी-शर्ट होता. दुसऱ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन आली, डक्टमधून फायबर ओढली, स्प्लायसिंग केलं (म्हणजे फायबरची टोकं जोडली), भिंतीवर ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते तो डबा, बसवून हिरवा दिवा लावून दाखवला. फसवणारा माणूस घरात खरीखुरी फायबर टाकून जातो, हे कुणाच्या डोक्यात येणार आहे?

हिशेब त्याने कागदावर मांडून दिला. ६९९ गुणिले बारा, ८,३८८. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,५०९ रुपये ८४ पैसे. बॉक्सची अनामत १,५०० रुपये, 'रिफंडेबल, काका, लिहून देतो'. एकूण ११,३९७ रुपये ८४ पैसे. 'राउंड फिगर मारा ना काका, ११,४००.' यूपीआयवर ८४ पैसेसुद्धा जातात, सुट्यांचा प्रश्न येतोच कुठे, हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

आता तो क्षण. क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव यायच्या जागी एका बाईचं नाव आलं. नाव आणि आडनाव. मी थांबलो, अंगठा बाजूला घेतला. विचारलं, हे कोण? पोरगा हसला, एक सेकंदही न अडखळता म्हणाला, 'आमच्या सरांच्या मिसेस, काका. डिस्ट्रिब्युटरशिप त्यांच्या नावावर आहे, महिला उद्योजक स्कीममध्ये.' आणि मी पिन टाकला.

हा एक सेकंद मी इतक्या वेळा आठवलाय की त्या बाईचं नाव आता मला नातेवाइकांच्या नावांसारखं पाठ आहे. पण मला सांगा, तुमच्या दूधवाल्याचं खातं कुणाच्या नावावर आहे? इस्त्रीवाल्याचं मुलाच्या, भाजीवाल्याचं बायकोच्या, रिक्षावाल्याचं मेव्हण्याच्या. रोज आपण अनोळखी नावांवर पैसे पाठवतो आणि काही होत नाही. मग एका दिवशी नेमका संशय कसा यावा? बायको म्हणते, 'दूध साठ रुपयांचं असतं.' असो. ब्रॉडबँडचे पैसे कंपनीच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरूनच भरा. 'ॲप आज डाउन आहे' म्हणाला तर उद्या भरू म्हणा. कनेक्शन उद्याही मिळतं.

पहिला आठवडा स्वर्ग. स्पीड टेस्टला १९४, १९८. मी स्क्रीनशॉट काढून मेव्हण्याला पाठवले. तो सात दिवसांचा ट्रायल होता. आठव्या दिवशी मागून प्लॅन बदलून ४० चा केला. आणि खरी मेख अशी की फरक कळलाच नाही! टीव्हीला २०० लागतच नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरेत, फोरकेला १५. म्हणजे दोन टीव्ही, चार फोन, हिच्या ऑफिसच्या मीटिंगा, सगळं धरून ४०-५० मध्ये आमचं घर आरामात चालतं. २०० चा आकडा विकायला असतो. घरातल्यांना विचारा की एका वेळी किती पडदे चालू असतात, त्यावरून प्लॅन ठरवा.

मग त्रास कसला झाला? तो महिन्याच्या शेवटी व्हायचा. रिचार्ज एक तारखेचं. वीस-एकवीस तारखेपर्यंत सगळं सुरळीत आणि त्यानंतर मालिकेच्या ऐन वादावादीत पडद्यावर ते गोल गोल चक्र. एक तारखेला परत झकास. आम्ही सगळ्यांना दोष दिला. राऊटर लांब आहे, मध्ये लोखंडी कपाट आहे, पावसाने केबल भिजली. मुलगा म्हणाला, हा जुना सिंगल बँड राऊटर आहे, नवीन घ्या. घेतला, २,३५० रुपयांना. पुढच्या महिन्यात वीस तारखेला चक्र पुन्हा हजर.

कारण नंतर कळलं. त्या ४० च्या प्लॅनला ५०० जीबीची मर्यादा होती, ती संपली की वेग थेट २ एमबीपीएस. (हा २ सुद्धा हवेतून आलेला नाही. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतं. तेवढं पाळलं की झालं.) एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, फोरकेला ७. हॉलमधला टीव्ही आमच्याकडे पाच तास चालतो, म्हणजे तिथेच पंधरा जीबी. बेडरूमचा टीव्ही, फोन, मीटिंगा धरल्या की दिवसाला पंचवीस. पाचशे भागिले पंचवीस, वीस. वीस तारीख! चौथीतल्या मुलाला जमेल असं गणित, पण 'अनलिमिटेड' हा शब्द कानावर पडला की गणित करतो कोण. म्हणून विचारायचा प्रश्न असा: 'मर्यादा किती जीबी, आणि ती संपल्यावर स्पीड किती?' दोन्ही आकडे जाहिरातीत आणि वेबसाइटवर दाखवावेत असं ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. मर्यादा गाठताना ग्राहकाला एसएमएस किंवा मेल करणंही बंधनकारक आहे.

मग मला एसएमएस का आला नाही? कारण माझ्या कनेक्शनवर नोंदवलेला मोबाइल नंबर त्या पोराचा होता. आधार माझं, पत्ता माझा, नंबर त्याचा. अलर्ट, प्लॅन बदलल्याचे मेसेज, रिचार्जच्या पावत्या, सगळं त्याच्या फोनवर जात होतं. 'लॉगिन मी सेट करून देतो काका, तुम्हाला कटकट नको,' असं तो म्हणाला होता तेव्हा मला तो पोरगा गुणी वाटला होता. जोडणी झाली की त्याच्यासमोरच, आपल्याच फोनवर ओटीपी मागवून पोर्टलवर लॉगिन करा. प्लॅनचं नाव, वैधता, रक्कम, डेटा मर्यादा, चारही गोष्टी वाचा आणि मगच त्याला चहा विचारा.

बॉक्सचं वेगळंच. डब्यावर सोनेरी अक्षरांत '4के' छापलंय, चित्र मात्र असं की नायिकेच्या कानातले दिसत नाहीत. मुलाने त्यावर डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाकून पाहिलं. वाइडवाइन (ओटीटीचं चित्र चोरीला जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप), सिक्युरिटी लेव्हल एल३, म्हणजे सगळ्यात खालची; वरची ती एल१. याचा अर्थ बॉक्सला मोठ्या ओटीटींचं प्रमाणन नाही आणि त्यांची ॲपं त्यावर ४८०पीच्या पुढे, म्हणजे एचडीसुद्धा, चित्र देत नाहीत, लाइन हजार एमबीपीएसची असली तरी. एल१ नसलेला बॉक्स फुकट दिला तरी घेऊ नका; मी १,५०० रुपये अनामत भरून घेतला. चौदा ओटीटींपैकी बाराची नावं मी त्याआधी ऐकली नव्हती. ज्याच्यासाठी जीव टाकला होता त्याचं सबस्क्रिप्शन निघालं फक्त मोबाइलवर चालणारं. टीव्हीवर उघडलं की 'तुमचा प्लॅन या उपकरणाला लागू नाही'. पॅकेजमध्ये ओटीटीचं नाव आहे एवढं पाहून भागत नाही, त्याचा कुठला प्लॅन आहे ते विचारा.

पाचव्या महिन्याच्या एक तारखेला लाइन बंद. ओएनटीवर लाल दिवाही नव्हता, सगळं हिरवं. म्हणजे फायबर ठीक, रिचार्ज नाही. पोराचा फोन बंद. 'सरां'चा फोन बंद. छत्री गायब.

कंपनीच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग आठ मिनिटं त्यांच्याच स्पीडची जाहिरात ऐका. शेवटी एक मुलगी म्हणाली, 'सर, सिस्टीममध्ये तुमचा प्लॅन मासिक दिसतोय, ३९९ अधिक जीएसटी. वार्षिक नाहीच.' मी म्हटलं, पावती आहे. 'ती पार्टनरची आहे सर, आमची नाही.' पार्टनर कोण? 'तो आता आमच्याशी संलग्न नाही.' अहो, पण टी-शर्ट तुमचा, वायर तुमची, ओएनटीवर स्टिकर तुमचा! 'तुमच्या पार्टनरशी संपर्क साधा सर.' डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला आणि संध्याकाळी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. कुणाचं समाधान झालं त्याचं नाव तरी कळवा.

नियमाप्रमाणे पुढची पायरी म्हणजे कंपनीचंच अपिलेट अथॉरिटी, म्हणजे अपील ऐकणारा विभाग. फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकाल आला, दोन ओळींचा: तृतीय पक्षाला केलेल्या भरण्यास कंपनी जबाबदार नाही. ज्याने मारलं त्याच्याकडेच दाद मागायची ही व्यवस्था ज्याने काढली त्याला नमस्कार. ट्रायला लिहिलं. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, ती कंपनीकडे पाठवते. म्हणजे पुन्हा तीच मुलगी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरची माणसं गोड बोलली, तक्रार नोंदवली, कंपनीकडे पाठवली. कंपनीने तेच दोन ओळींचं उत्तर चिकटवलं आणि तक्रार बंद. १९३० वर सायबर फसवणूक म्हणून सांगायला गेलो तर विचारलं, 'पिन तुम्हीच टाकलात ना?' बँकेचाही प्रश्न हाच. हो, मीच टाकला, मग काय फासावर देता का?

पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदारांनी पावती उलटसुलट करून पाहिली. कच्च्या पॅडवरची, जीएसटी क्रमांक नाही, शिक्का अर्धा उमटलेला. म्हणाले, 'हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा.' मी म्हटलं, साहेब, त्या बाईचं खातं कुठलं एवढं तरी काढा. म्हणाले, 'किती गेले? अकरा हजार? इथे लोकांचे अकरा लाख जातात.' शेजारच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघून हसला. म्हणजे लुटून घ्यायचं तर भरघोस, तरच एफआयआर. तरी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्याच. तोंडी सांगितलेल्याला कुठे किंमत नाही.

आता तुमच्यापैकी काहीजण म्हणणारच, अर्जांसाठी खर्च केलेल्या वेळात नवीन कनेक्शन झालं असतं. झालंय. दुसरं घेतलंय, महिन्याच्या बोलीवर, पैसे ॲपमधून. वार्षिक प्लॅनमध्ये सवलत असते हे खरं, पण आधी दोन महिने मासिक चालवा. रात्री नऊला, सगळी सोसायटी टीव्हीसमोर असते तेव्हा, टीव्हीवरच फास्ट डॉट कॉम लावून बघा. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. सेल्समन दाखवतो ती टेस्ट बहुतेक वेळा त्यांच्याच सर्व्हरपर्यंतची असते, आणि सकाळी अकराची.

माझा हिशेब असा. भरले ११,४००. मिळालं ते चार रिचार्ज, प्रत्येकी ४७० रुपये ८२ पैसे, म्हणजे १,८८३ रुपये २८ पैशांचं. गेले ९,५१६ रुपये ७२ पैसे. राऊटरचे २,३५० यात धरलेले नाहीत. अनामत सेवा बंद केल्यावर ४५ दिवसांत परत द्यायची असते, पण 'ती अनामत आमच्याकडे जमाच नाही' हे कंपनीचं म्हणणं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपनीचे वकील सांगायला लागले तर ऐकू नका. चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या तीन सोसायट्यांत मिळून याच पोराने बऱ्याच जणांना गाठलंय असं आता एकेक करून बाहेर येतंय. लाजेने कुणी बोलत नव्हतं, मीही नव्हतो. एकाच प्रकारे फसलेल्यांना कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. म्हणून ज्यांच्याकडे त्या बाईच्या नावाचा यूपीआय स्क्रीनशॉट असेल त्यांनी व्यवहार क्रमांक दिसेल असा तो जपून ठेवा, पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पोर्टलवरचा रिचार्जचा इतिहास आजच डाउनलोड करून घ्या. कनेक्शन बंद झाल्यावर माझं लॉगिन काही आठवड्यांत बंद पडलं, आणि तो इतिहास आता कंपनीकडे मागतोय.