लेमिंग्ज : पहिला भाग खेळावा की दुसरा?

जुनी कॉम्प्युटर-कोडी खेळायची हुक्की आली असेल आणि ‘लेमिंग्ज’च्या (नाकासमोर चालत सुटणाऱ्या चिमुकल्या गड्यांना कामं वाटून दारापर्यंत सुखरूप पोचवायचा खेळ) पहिल्या-दुसऱ्या भागात गाडी अडली असेल, तर आधी एक ठरवा : तीच लेव्हल पुन्हा कशासाठी खेळायला तुम्ही तयार आहात? पुनरावृत्ती दोन्हींकडे आहे, कारणं मात्र वेगळी.

१९९१ च्या पहिल्या भागात १२० लेव्हल्स आहेत, चार गटांत ३०-३०. कामं आठच : खणणं, चढणं, पूल बांधणं, वाट अडवणं वगैरे. बरेच नकाशे दोनदा येतात. सोप्या गटात कामांची खैरात असते, वाटेल तिथे भोकं पाडा, पोचाल. पुढे तोच नकाशा परत येतो, पण हातात मोजकीच कामं आणि अटी कडक. वरवर ही काटकसर वाटते (थोडीफार असेलही). पण ओळखीच्या जागेत आपलीच जुनी वाट बंद झालेली बघून होणारी चडफड, हीच या खेळाची खरी गंमत. पूल बांधणारा १२ पायऱ्या टाकतो, शेवटच्या तीन पायऱ्यांना टिंग वाजतं. ते ऐकून पुन्हा पुलाचं काम दिलं नाही, तर गडी खांदे उडवतो आणि चालू पडतो, बहुधा खड्ड्यात. सगळा ताण त्या तीन टिंगांत.

१९९३ च्या ‘लेमिंग्ज २ : द ट्राइब्ज’मध्ये १२ टोळ्या, प्रत्येकीच्या १० लेव्हल्स, मुलूख आपापला. कामं पन्नासच्या वर : बझुका, बांबूउडी, उडता गालिचा. देखणं प्रकरण आहे, पण एखादं काम हाताला बसेपर्यंत गायब होतं. टोळी ६० जणांनिशी निघते आणि वाचतील तेवढेच पुढच्या लेव्हलला जातात. म्हणजे तिसऱ्या लेव्हलमधली हयगय आठवीत भोवते, मग मागे जाऊन सुटलेलं कोडं दोन गडी जास्त वाचावेत म्हणून पुन्हा सोडवा. खेळ पळवायचं बटण आहे म्हणून निभतं.

कोडं म्हणून मला पहिलाच उजवा वाटतो. एकही गडी न गमावता शेवट गाठायची खुमखुमी असेल किंवा एकाच तऱ्हेच्या भिंती फोडून कंटाळा येत असेल, तर दुसरा घ्या. आणि आठच कामांत नवे नकाशे हवे असतील तर १९९१ चाच ‘ओह नो! मोअर लेमिंग्ज’ आहे, १०० लेव्हल्सचा. तो मात्र पहिला पचवल्याशिवाय उघडू नका.