राजारामपुरीतले बॉम्बॉन: चव कडक, पॅकिंगचं तेवढं बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत आतल्या गल्लीत एका ताईंनी चॉकलेटचं छोटं दुकान काढलंय, बॉक्सवर ठळक अक्षरात 'बॉम्बॉन' छापलंय. स्पॅनिश शब्द आहे, आत सारण भरलेलं चॉकलेट म्हणजे बॉम्बॉन, आणि तिकडं स्पेनमध्ये दिसायला कडक माणसालाही कौतुकानं बॉम्बॉनच म्हणतात, पोरगा असो का पोरगी, शब्द पुल्लिंगीच राहतो. ताईंनी हे सांगितल्यावर आमची बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "मग ह्यांना कोण म्हणणार ओ?" असू दे.

आता मेन मुद्दा. वाढदिवसाला, लग्नाला वाटतात ती होममेड चॉकलेटं बहुतेक कंपाऊंडची असतात, म्हणजे कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट, स्वस्त पडतं, टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून-थंड करायची कटकट नाही, पण खाल्ल्यावर टाळ्याला मेणासारखा थर बसतो. हितं तसलं नाही. खरं कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा खालीच, त्यामुळं कवच दाताखाली टक्कन फुटतं आणि लगेच जिभेवर विरघळायला लागतं, चावत बसावं लागत नाही. चकाकी पण मस्त.

गुळाचा घ्याच. आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत आहे पण डार्क चॉकलेटमध्ये तो असा बसेल असं वाटलं नव्हतं, कडू कवच, आत गुळाचं कॅरमल, शेवटी किंचित मीठ, लय भारी. लवंगी मिरचीचा पण चांगलाय, झणका उशिरा येतो. गुलकंदाचा जमलेला नाही, वास इतका की चॉकलेट लागतच नाही.

कॅफे बॉम्बॉन पण मिळते, व्हॅलेन्सियाकडची कॉफी, ग्लासात खाली कंडेन्स्ड मिल्क वर एस्प्रेसो, दोन थर दिसतात. फोटोला छान, मला गोडमिट्ट लागली.

पॅकिंग मात्र एकदम ढिसाळ. एप्रिलच्या दुपारी घरपोच मागवलं तर आईसपॅक नाही काही नाही, पोरगं डिकीत टाकून घेऊन आलं, निम्मे एकमेकांना चिकटलेले. फ्रीजमध्ये ठेवले तर वरनं पांढरे डाग आले. ती बुरशी नव्हं, वितळून परत गोठताना कोको बटर वर येतं, खायला चालतं, पण ती टक्कन मजा गेली आणि पैसे तर पूर्ण दिलेत. फोन केला तर ताई म्हणाल्या, "दादा, उन्हाळा आहे ना." अवो उन्हाळा दरवर्षीच येतो की.

तर उन्हाळ्यात संध्याकाळी स्वतः जावा, गाडी मेन रोडलाच लावा, आत वळायला जागा नाही. आणि ९ चा बॉक्स घेताना उभं राहून आपल्या पसंतीचे भरून घ्या, मिक्स म्हणालात की निम्मा गुलकंद गळ्यात मारतात.