स्तनाचा एमआरआय: डाय देऊन की डायशिवाय?

मिरजेला तपासणीला निघालेल्या मावशीने विचारलं, "सुईशिवाय होत नाही का गं?" होतो, पण दोन्ही तपासण्यांची ताकद सारखी नाही.

डायच्या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियम हा डाय देतात. कॅन्सरच्या गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे गाठ बहुधा पहिल्या एक-दोन मिनिटांतच उजळते. बारीक गाठ पकडण्यात याला तोड नाही.

डायशिवायची मुख्य पद्धत डिफ्यूजन, म्हणजे शरीरातलं पाणी किती मोकळं हलतं ते पाहणं. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. सणाच्या तोंडावरच्या बाजारासारखं. तो भाग पांढरा दिसतो आणि एडीसी हा ती हालचाल मोजणारा आकडा उतरतो. काही मिनिटांचं काम, रिॲक्शनची भीती नाही. पण चित्र धूसर येतं, सेंटिमीटरहून लहान गाठ निसटू शकते. म्युसिनस कॅन्सरमध्ये तर पेशींभोवती म्युसिन (बुळबुळीत, चिकट द्रव) भरपूर असल्याने एडीसी उलट चढा येतो आणि गाठ साधी, कॅन्सर नसलेली वाटू शकते. मला याचीच जास्त काळजी वाटते.

पालथं दोन्हीत झोपावं लागतं.

मावशीचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट चांगला होता, म्हणून मी डायच घ्यायला सांगितलं. ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) 30 च्या खाली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र डिफ्यूजनबद्दल रेडिओलॉजिस्टना आधीच विचारा.