अभियांत्रिकीची ‘कॅप’ : यंत्र चोख, दारात मात्र बाजार

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे घरोघरची ‘सीईटी सेल’. राज्यातल्या अभियांत्रिकीच्या दोन लाखांच्या घरातल्या जागांपैकी मोठा हिस्सा तिच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून भरला जातो. गुण आधीच देऊन टाकतो : जागावाटपाला पाचपैकी साडेचार, नियमपुस्तिकेच्या भाषेला दोन, संकेतस्थळाला अडीच, आणि कॉलेजं स्वतः भरतात त्या जागांच्या, म्हणजे संस्था स्तरावरच्या, फेरीला एक. हा शेवटचा एक गुणसुद्धा, कायदा कागदावर चांगला आहे म्हणून.

साडेचार कशाला? गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी घ्यायचा, त्याच्या पसंतीक्रमात वरून खाली येत जिथे त्याला लागू होणारी जागा शिल्लक असेल तिथे बसवायचा, मग दुसरा घ्यायचा. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचा विचार आधी खुल्या जागेवर होतो, ती नसेल तर त्याच्या प्रवर्गाच्या जागेवर. यात मुलाखत नाही, शिफारस नाही, ‘साहेबांना भेटून या’ नाही. अमेरिकेत काही विद्यापीठं ढिगाने अर्ज मागवतात, ढिगाने नाकारतात आणि प्रवेशाचा तो खालावलेला टक्का निवडकपणाचा बिल्ला म्हणून मिरवतात. कॅपमध्ये कॉलेजला ही चैन नाही, कारण नाकारायला त्यांच्याकडे अर्जच येत नाही.

या पद्धतीचा व्यवहारातला अर्थ बऱ्याच घरांत पोचलेला नसतो. न मिळण्यासारखं कॉलेज वर लिहिल्याने खालच्याची संधी रतीभरही कमी होत नाही. म्हणून यादी कटऑफच्या उतरत्या क्रमाने नाही, आपल्याला हवं त्या क्रमाने भरायची. पर्याय ३०० पर्यंत देता येतात. तरी दहा-बारा भरून थांबणारे आणि मग पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही म्हणून कपाळाला हात लावणारे दरवर्षी असतात.

आता कटऑफ. निकालानंतर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणारा हा आकडा म्हणजे त्या प्रवर्गाच्या कोडखाली, त्या फेरीत, शेवटच्या मुलाला जागा मिळाली तेव्हाचं पर्सेंटाइल. कॉलेजचा दर्जा त्यात मोजलेला नसतो. मोजलेली असते मागणी, आणि तीही फार थोड्या जागांवरची. खासगी विनाअनुदानित, बिगर-अल्पसंख्याक कॉलेजातली ६० जागांची शाखा घ्या. २० टक्के म्हणजे १२ जागा संस्था स्तराच्या, १५ टक्के म्हणजे ९ जागा अखिल भारतीय. उरल्या ३९. त्यातून सामाजिक आरक्षण आणि मुलींच्या ३० टक्के जागा वजा करा, पुढे विद्यापीठ क्षेत्रानुसार वाटणी झाली तर तीही करा. खुल्या सर्वसाधारण कोडखाली डझनभरसुद्धा उरत नाहीत. इतक्या कमी जागांत दोन मुलं दुसरीकडे गेली तरी आकडा हलतो. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा मंजूर क्षमतेच्या ५ टक्के. ६० च्या शाखेत तीन. त्यांचा कटऑफ खुल्या जागेच्याही वर गेलेला दिसतो तो यामुळेच.

दुसरं म्हणजे पर्सेंटाइल ही गुणांची टक्केवारी नाही, आपल्या बरोबरीला किंवा मागे किती टक्के मुलं आहेत त्याचा आकडा आहे. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसतात, म्हणजे एका पर्सेंटाइलच्या फटीत चार हजारांवर मुलं मावतात. म्हणून कटऑफच्या पीडीएफमध्ये पर्सेंटाइलसोबत छापलेला गुणवत्ता क्रमांक बघावा. कोडही वाचावा : सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठी, शेवटचा ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातले, ‘ओ’ बाहेरचे, ‘एस’ राज्यस्तरीय. मुलाच्या उपयोगाचा नसलेला कोड बघून धीर सोडण्यात किंवा हुरळण्यात अर्थ नाही. जागा किती होत्या हेही तपासा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने, चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. संगणक शाखेच्या तुकड्या वाढल्या की तिचा जुना कटऑफ रद्दीत जातो, आणि ब्रोशरमध्ये मात्र तोच झळकत राहतो.

नियमांच्या भाषेला दोनच गुण मिळाले ते ‘ऑटो फ्रीझ’मुळे. २०२५-२६ ला फेऱ्या चार झाल्या आणि ही अट आली. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलीही लागली, की जागा गोठली. चौथीत जे मिळेल ते अंतिम. गोठलेली जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. हेतू रास्त आहे, जागा अडवून बसणाऱ्यांना आळा बसतो. पण ‘आवडीप्रमाणे भरा’ या साध्या सल्ल्याला इथे तडा जातो. समजा, मुलीला संगणक शाखा दोनच कॉलेजांत हवी आहे आणि तिसऱ्या क्रमांकावर तिने चालेल म्हणून इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार लिहिली. दुसऱ्या फेरीत ती तिसरी लागली की खेळ संपला, मग तिसऱ्या फेरीत संगणकची जागा रिकामी झाली तरी उपयोग नाही. उपाय नियमातच आहे. प्रत्येक फेरीआधी पर्याय-अर्ज नव्याने भरता येतो. मिळणं अवघड, पण मिळालं तर आनंदच होईल असे आणखी एक-दोन पर्याय वर टाका आणि ‘चालेल’वाला चौथ्या क्रमांकावर ढकला. दुसऱ्या फेरीत तो लागला तर जागा स्वीकृतीचे १००० रुपये भरून ‘बेटरमेंट’, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची संधी, मागता येते. तिसऱ्या फेरीत हाच हिशेब पहिल्या सहाचा. बेटरमेंटमध्ये वरची जागा लागली की आधीची आपोआप जाते, परत मिळत नाही. हे सगळं माहितीपुस्तिकेत आहे, पण शोधायला दुर्बीण लागते.

कागदपत्रांच्या छाननीत प्रवेश अडतात ते हुशारीअभावी नव्हे, तारखांमुळे. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची वैधता त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२६. जात वैधता मुदतीत आली नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात टाकला जातो. टीएफडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि अर्जात तो पर्याय टिकमार्क केलेला हवा. ई-छाननीत अर्ज त्रुटी काढून परत येतो, तेव्हा लॉगिन रोज उघडून बघायचं. एसएमएसच्या भरवशावर राहू नये.

बाजार सुरू होतो तो इथून पुढे. सुविधा केंद्रं बहुतेक कॉलेजांतच असतात. छाननीला गेलेल्या मुलाला तिथे ‘फॉर्म आम्हीच भरून देतो’ म्हणणारी टेबलं भेटतात. टेबलामागच्या माणसाला वर्षाच्या जागा भरायच्या असतात, तेव्हा पहिल्या तीनमध्ये कुणाचं नाव येईल हे सांगायला नको. ऑटो फ्रीझ आल्यापासून त्या तीन ओळींची किंमत वाढली आहे. छाननी केंद्रावर करा, पर्याय घरी भरा. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही नको. निश्चिती करण्याआधी पर्यायांची छापील यादी एकदा मोठ्याने वाचा. कोड एका अंकाने चुकला तर कॉलेजच बदलतं.

संस्था स्तराच्या जागा, ज्याला लोक अजून ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात, त्या बेकायदा नाहीत. २० टक्के (त्यातच ५ टक्क्यांपर्यंत अनिवासी भारतीय) कायद्यानेच दिलेल्या आहेत. पण त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावून भरायच्या असतात. प्रवेशानंतर यादी प्रवेश नियामक प्राधिकरणाच्या मान्यतेला जाते. देणगी घेण्यावर १९८७ पासून राज्यात कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ च्या कायद्याने प्रवेश आणि शुल्कासाठी स्वतंत्र प्राधिकरणं आली. तरीही सीईटीचा निकाल लागण्याआधी ‘सीट बुक करा, नंतर भाव वाढेल’ असा फोन येतो. गुणवत्ता यादीच लागलेली नसताना जागा बुक कशी होते, एवढा एकच प्रश्न त्या फोनला विचारावा.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेलं शुल्क संकेतस्थळावर दिसतं. त्यावरची प्रत्येक रक्कम कशाची, हे पावतीवर लिहून मागा. लोक विसरतात ते शिष्यवृत्तीचं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि २०२४-२५ पासूनची मुलींची पूर्ण शुल्कमाफी कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्यांना आहे. संस्था स्तरावरून गेलेल्यांना नाही. शिक्षण शुल्क वर्षाला दीड लाख असेल आणि निम्म्याची सवलत बसत असेल, तर चार वर्षांत तीन लाखांचा फरक. एजंट हा आकडा कधी सांगत नाही.

संकेतस्थळाला अडीच, कारण शेवटच्या दिवशी ते धापा टाकतं आणि वेळापत्रक ऐनवेळी सरकतं. परीक्षेचा भाग वेगळा, पण त्याचाही डाग लागतोच : २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत गोंधळ निघाला आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. ती घेतली, हे मात्र खात्यावर जमा.

प्रवेश रद्द करायचा असेल तर कॉलेजच्या कार्यालयात अर्ज देऊन भागत नाही. लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करावा लागतो, तोही अंतिम मुदतीच्या आत. तसं केलं तर एआयसीटीईच्या नियमाने जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी सगळं शुल्क परत मिळतं, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला कुणालाच परवानगी नाही. मुदतीनंतर जागा रिकामी राहिली तर हातात फक्त अनामत येते. रद्द केल्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ छापून येते. तिची प्रत काढून ठेवा, परताव्याच्या भांडणात तीच कामी येते.