एक अपील, कागदोपत्री : अमेरिकेच्या 'पेसर' सेवेचे परीक्षण

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दाखल होणारे कागद घरबसल्या वाचता यावेत, यासाठी तिथली न्यायव्यवस्था 'पेसर' नावाची सशुल्क सेवा चालवते. ती कितपत कामाची आहे हे एखाद्या किरकोळ दाव्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी मुद्दे अटीतटीने लढवले गेलेले आणि कागदांचा ढीग साचलेले प्रकरण हवे. म्हणून या परीक्षणासाठी मी लैंगिक गुन्हेगार, धनाढ्य जेफ्री एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिचे अपील घेतले आहे. न्यूयॉर्कमधील ज्यूरीने डिसेंबर २०२१ मध्ये तिला सहापैकी पाच आरोपांत दोषी ठरवले, त्यांतला सर्वांत गंभीर आरोप अल्पवयीन मुलीच्या लैंगिक तस्करीचा होता, आणि जून २०२२ मध्ये तिला २० वर्षांचा कारावास व एकूण साडेसात लाख डॉलर दंड झाला. वर्तमानपत्रांत हे अपील 'फेटाळले' या एका शब्दात आटोपते. कागदांत ते तसे आटोपत नाही, आणि पेसरची खरी किंमत त्या फरकात आहे.

आधी पैशांचे. दर पानाला १० सेंट आकारले जातात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर पडतात, आणि तिमाहीचा एकूण आकार ३० डॉलरच्या आत राहिला तर तो माफ होतो. म्हणजे एकच प्रकरण नेटाने वाचणाऱ्या माणसाला ही सेवा बहुधा फुकटात पडते. कागद उघडण्याआधी पाने आणि रक्कम दाखवली जाते, हेही बरे आहे. मेख आहे ती शोधात. नावावरून शोध घेतला की निकालांची यादीसुद्धा पानांच्या हिशेबाने मोजली जाते आणि तिला ३ डॉलरची मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे प्रकरणाचा क्रमांक आधी दुसरीकडून मिळवून मगच आत शिरावे. या प्रकरणात खालच्या न्यायालयातला क्रमांक २०-सीआर-३३० आणि अपिलाचा २२-१४२६ आहे. खालच्या न्यायालयाचे डॉकेट, म्हणजे प्रकरणातल्या नोंदींची यादी, लांबलचक असल्यामुळे तारखांची मर्यादा घालूनच ते मागवणे शहाणपणाचे. सार्वजनिक कागदांसाठी नागरिकांकडून मुळात पैसे घ्यावेत का, हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. सेवा चालवण्याच्या खर्चापेक्षा शुल्क जास्त असल्याचा दावा काही ना-नफा संस्थांनी केला, सरकारने १२.५ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि २०२४ मध्ये तिला न्यायालयाची मंजुरी मिळाली. दर मात्र पानाला १० सेंटच राहिला.

पैसे द्यायचेच असतील तर दोन्ही बाजूंच्या लेखी युक्तिवादांसाठी द्यावेत. अपील म्हणजे खटल्याची दुसरी फेरी नव्हे. साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत, आणि आरोपी निर्दोष आहे की नाही या प्रश्नाची जागा खालच्या न्यायाधीशांनी कायद्याची चूक केली का, या प्रश्नाने घेतलेली असते. मॅक्सवेलचा मुख्य मुद्दा जेफ्री एपस्टीनने २००७ मध्ये फ्लोरिडातील संघीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाशी केलेल्या करारावर उभा होता. त्या करारात संभाव्य सहआरोपींवर 'युनायटेड स्टेट्स' खटला भरणार नाही, असे लिहिलेले होते. बचाव पक्षाचे म्हणणे असे की 'युनायटेड स्टेट्स' म्हणजे संपूर्ण सरकार, तेव्हा न्यूयॉर्कचे कार्यालयही बांधील ठरते. सरकार पक्षाने त्याच अपील न्यायालयाच्या १९८५ च्या एका निवाड्यावर बोट ठेवले, ज्यानुसार असा करार, उलट हेतू स्पष्ट दिसत नसेल तर, तो करणाऱ्या जिल्ह्यापुरताच असतो. दोन्ही बाजूंचे हे कागद एकापाठोपाठ एक वाचले की एकाच वाक्यातून दोन अर्थ कसे उभे केले जातात हे दिसते, आणि कोणत्याही बातमीने हे इतक्या तपशिलात सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

ज्यूरीने विचारविनिमयादरम्यान पाठवलेल्या चिठ्ठीचा मुद्दा तर मूळ कागद समोर असल्याशिवाय समजतच नाही. चौथा आरोप बेकायदेशीर लैंगिक कृत्याच्या हेतूने अल्पवयीन मुलीला प्रवासाला नेल्याचा होता आणि तो न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यावर बेतलेला होता. ज्यूरीने विचारले ते न्यू मेक्सिकोच्या प्रवासाविषयी : आरोपीने जाण्याच्या नव्हे, फक्त परतीच्या विमानप्रवासात मदत केली असेल, तर या आरोपात ती दोषी ठरू शकते का? न्यायाधीशांनी थेट हो किंवा नाही न म्हणता ज्यूरीला आधी दिलेल्या सूचनांकडे वळवले. न्यू मेक्सिकोतल्या घटनांवरूनच, म्हणजे न्यूयॉर्कचा कायदा मोडल्याचे न ठरताच, दोषी ठरवले गेले असावे, असा बचाव पक्षाचा आक्षेप होता. तो टिकला नाही. मला स्वतःला त्यांच्या सर्व मुद्द्यांत हाच सर्वांत वाचनीय वाटतो, जरी सर्वोच्च न्यायालयात त्यांनी भर दिला तो एपस्टीनच्या करारावर.

लहानपणीच्या लैंगिक शोषणाविषयी प्रश्नावलीत चुकीचे उत्तर देणाऱ्या ज्यूरर क्रमांक ५० चा मुद्दा आणि खटला भरण्याची मुदत उलटून गेल्याचा मुद्दा हेही नीट मांडलेले आहेत, पण ते निकालपत्रातून पुरेसे कळतात. शिक्षेचे तसे नाही. मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८८ ते २३५ महिन्यांची कक्षा निघत असताना २४० महिने दिले गेले, आणि त्या पाच जादा महिन्यांची कारणे पुरेशी दिली नाहीत अशी तक्रार होती. ती समजून घ्यायची तर शिक्षा सुनावणीचे शब्दांकनच काढावे लागते, आणि इथे पेसरचा दुसरा दोष आडवा येतो. शब्दांकनांना ३ डॉलरची मर्यादा लागू नाही, शिवाय ती दाखल झाल्यापासून ९० दिवस घरबसल्या उघडताच येत नाहीत.

काही मजकूर काळा केलेला किंवा मोहोरबंद आहे. खटल्यात काही पीडितांनी टोपणनावाने साक्ष दिली होती, त्यामुळे हे आवश्यकच होते आणि या सेवेच्या उणिवांत मी ते धरत नाही.

ज्यासाठी पैसे मोजू नयेत असेही पुष्कळ आहे. निकालपत्रे पेसरवर मोफत आहेत. अपील न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तोंडी युक्तिवादाचे ध्वनिमुद्रण मोफत ऐकता येते; मार्च २०२४ मधली ही सुनावणी ऐकताना न्यायमूर्ती कोणत्या मुद्द्यावर वकिलांना अडवतात ते कळते. (शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीश ॲलिसन नेथन तोवर याच अपील न्यायालयावर आल्या होत्या, साहजिकच त्या या खंडपीठात नव्हत्या.) 'रीकॅप' हे ब्राउझरचे जोडसाधन बसवले तर कोणीतरी आधी विकत घेतलेला कागद 'कोर्टलिसनर' या न्यायालयीन कागदांच्या मोफत संकेतस्थळावरून फुकट मिळतो, आणि इतक्या गाजलेल्या प्रकरणात असे कागद थोडेथोडके नाहीत. खरे तर पेसरकडे जाण्याआधी तिथेच पाहावे.

अपील न्यायालयाने १७ सप्टेंबर २०२४ रोजी दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही कायम केल्या, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या पुढच्या टप्प्याला पेसरचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाचे डॉकेट या सेवेत येत नाही. ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे मॅक्सवेलची याचिका विचारार्थ घेण्यास नकार देण्यात आला, मात्र त्याची कारणे दिली गेली नाहीत. त्यामुळे 'युनायटेड स्टेट्स' या शब्दांवरच्या वादाचा न्यायालयाने केलेला निवाडा कारणांसह वाचायचा असेल, तर खालच्या दोन न्यायालयांचे कागद उघडण्यावाचून पर्याय नाही.