बिल्ट-इन इंडक्शन शेगडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुनी सिरॅमिक शेगडी निकामी झाल्यावर तशीच दुसरी घ्यावी की इंडक्शनकडे वळावे, यावर आम्ही महिनाभर विचार केला. दोन्हींची काच वरून सारखीच दिसते. मात्र सिरॅमिक शेगडीत काचेखालची तार लालबुंद होऊन आधी काच तापवते आणि मग भांडे, तर इंडक्शनमध्ये तांब्याच्या वेटोळ्याभोवतीच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उष्णता थेट भांड्याच्या बुडातच निर्माण होते. जुन्या शेगडीवर बटण बंद केल्यावरही दूध उतू जात असे. इथे आच कमी करताच वर आलेली साय खाली बसते. आमचा निर्णय याच गोष्टीने झाला.

विक्रेते बहुधा बूस्टचे, म्हणजे थोड्या वेळापुरती सर्वांत जोराची आच देणाऱ्या सोयीचे, कौतुक करतात, पण माझ्या मते शेगडीची खरी परीक्षा मंद आचेवर होते. कित्येक शेगड्या खालच्या क्रमांकांवर आच सलग कमी करत नाहीत, तर काही सेकंद जोराची आच देऊन काही सेकंद ती पूर्ण थांबवतात, त्यामुळे सरासरी कमी असूनही पदार्थ तळाला लागतो. आमच्या शेगडीवर 3 क्रमांकापासून पुढे आच अखंड राहते. 1 आणि 2 वर मात्र पातळ बुडाच्या पातेल्यात कडेने बुडबुडे उठतात, विरतात आणि पुन्हा उठतात. जाड बुडाच्या पातेल्यात हा चढउतार जवळजवळ जाणवत नाही.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, हे पाहायला सर्वजण सांगतात. तो कडेपर्यंत चिकटतो का, हेही पाहावे. आमच्या एका अॅल्युमिनियमच्या तव्याला मधोमध लहानशी पोलादी चकती आहे, आणि तो तेवढ्याच वर्तुळात तापतो.

चारही झोन, म्हणजे भांडी ठेवायच्या जागा, मिळून ही शेगडी 7.4 किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 32 अँपिअर घेते, त्यामुळे तिला मीटरपासून स्वतंत्र आणि पुरेशा जाड तारेची लाइन लागते. वायरमनला आम्ही खरेदीनंतर बोलावले आणि लाइन ओढून होईपर्यंत शेगडी नऊ दिवस खोक्यात पडून राहिली. काही मॉडेलमध्ये एकूण वीजवापरावर मर्यादा घालता येते. जुन्या वायरिंगच्या घरात ती सोय असलेलेच मॉडेल घ्यावे.

माझी खरी तक्रार स्पर्शाच्या बटणांबद्दल आहे. ओल्या बोटांना ती दाद देत नाहीत, आणि पातेल्यातले पाणी त्यांच्यावर सांडले की शेगडी बीप करून सगळेच झोन बंद करते. मग काच कोरडी पुसून प्रत्येक झोनची आच नव्याने लावावी लागते. हाताने फिरवायची बटणे असलेली इंडक्शन शेगडीही मिळते, आणि पुन्हा खरेदी करायची झाल्यास, तिची बटणे पुसण्याचे काम वाढले तरी, मी तीच घेईन.